मेलानोमा आणि रक्तातले सायटोकाइन : पुण्यातून नेहमी येणारे प्रश्न

मी लॅबमध्ये काम करते, रक्ताच्या नमुन्यांमधून सायटोकाइन मोजणं हे माझं रोजचं काम. ओळखीतले, ओळखीच्यांचे ओळखीचे, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटच्या ग्रुपमधले लोक रिपोर्टचा फोटो पाठवून विचारत असतात आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, ट्रीटमेंट काय घ्यायची ते तुमचे ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) ठरवणार, पण रिपोर्टवरचा तो आकडा येतो कुठून आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा एवढं मी नक्की सांगू शकते.

सायटोकाइन म्हणजे नेमकं काय? कोविडमध्ये "सायटोकाइन स्टॉर्म" म्हणायचे तेच का?

हो, तेच. २०२०-२१ मध्ये ज्यांच्या घरात कुणी ॲडमिट होतं त्यांना आयएल-६ (एक सायटोकाइन), सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची टेस्ट) ही नावं पाठ झाली होती आणि टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी लोकांनी पुण्यातली सगळी मेडिकल पालथी घातली होती. ते इंजेक्शन आयएल-६ चा सिग्नल अडवतं. सायटोकाइन ही छोटी छोटी प्रथिनं आहेत, पांढऱ्या पेशी तर ती बनवतातच पण त्वचेच्या पेशी, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, चरबीच्या पेशी सगळ्याच थोडीफार बनवतात आणि बाहेर सोडतात. दुसऱ्या पेशीवर त्या प्रथिनाचा रिसेप्टर (ते पकडणारी जागा) असला की तिला सिग्नल पोचतो आणि ती काहीतरी करते, म्हणजे वाढायला लागते, जागची हलते, समोरच्या पेशीला मारते किंवा गप्प बसते.

आयएल आणि पुढे नंबर असला की ते इंटरल्युकिन, त्याशिवाय इंटरफेरॉन, टीएनएफ, पेशींना एखाद्या जागी बोलावून घेणारे केमोकाइन, आणि रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफसारखा फॅक्टर, हे सगळं एकाच कुटुंबातलं समजा. चांगले सायटोकाइन आणि वाईट सायटोकाइन अशा याद्या फिरत असतात त्यांच्या नादी लागू नका, एकच सायटोकाइन एका ठिकाणी उपयोगाचं आणि दुसऱ्या ठिकाणी घातक असू शकतं, खाली इंटरफेरॉनचं उदाहरण दिलंय.

मेलानोमा आपल्याकडे होतो का? तो गोऱ्या लोकांचा कॅन्सर ना?

हा समज मला सगळ्यात धोकादायक वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलानोसाइट म्हणतात, त्यांचा कॅन्सर म्हणजे मेलानोमा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तो जगात सगळ्यात जास्त होतो कारण गोरी कातडी आणि कडक ऊन. भारतात तो खरंच दुर्मिळ आहे, वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो बऱ्याचदा उन्हात नसलेल्या जागी होतो, म्हणजे तळपाय, टाच, तळहात, नखाखाली, कधी नाकाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात. हातापायांच्या या प्रकाराला एक्रल मेलानोमा म्हणतात आणि त्याच्यामागे ऊन हे मुख्य कारण नसतं, त्यामुळे "आपली कातडी सावळी आहे, आपल्याला काय होतंय" हे इथे लागूच पडत नाही. बॉब मार्ले तुम्हाला माहीत असेल, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला होता, १९७७ मध्ये निदान झालं, आधी फुटबॉल खेळताना लागलेलं असं धरलं गेलं होतं, आणि १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी तो गेला.

आपल्याकडे फुटबॉलच्या जागी शेत असतं, काटा असतो, वारी असते. माझ्या नात्यातल्या एका आजोबांच्या टाचेवर, बाहेरच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढा डाग होता, एका बाजूला शाईसारखा काळा, दुसरीकडे फिकट तपकिरी, कड वेडीवाकडी आणि मधून थोडं पाणी येत होतं, चादरीला त्याचा डाग पडायचा. घरच्यांनी भोवरी म्हणून पट्टी लावली, मग कुणीतरी ब्लेडने खरवडून दिलं, मग मलम. त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत ते पोचले तोवर जांघेत अवधाण आलं होतं आणि ते दुखतही नव्हतं. पायाला जखम असली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याला सवयीचं असतं त्यामुळे त्याचंही कुणाला काही वाटलं नाही, पण अशी गाठ मेलानोमा तिथवर पसरल्याचीही असू शकते.

सायटोकाइनचा आणि मेलानोमाचा संबंध काय पण?

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. शरीर मेलानोमाच्या विरोधात सायटोकाइन सोडतं, आणि मेलानोमाच्या पेशी स्वतःही सायटोकाइन बनवतात, स्वतःच्या फायद्यासाठी. सीएक्ससीएल-१ नावाचा एक केमोकाइन आहे तो सुरुवातीला मेलानोमाच्याच पेशींमधून वेगळा काढला गेला होता, आणि तेव्हा त्याचं नावच मेलानोमाची वाढ चेतवणारा असं ठेवलं होतं, कारण पेशी तो बनवून बाहेर सोडत होत्या आणि त्याच्यावर स्वतःच वाढत होत्या.

आयएल-८ चं तसंच काहीसं. मेलानोमाच्या पेशी तो भरपूर बनवू शकतात, त्याने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गाठीकडे खेचल्या जातात, नवीन रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत होते, आणि ज्या टी पेशींनी (याही पांढऱ्याच पेशी) गाठीत शिरून कॅन्सरच्या पेशी मारायच्या त्यांचं काम बिघडतं. आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे आणखी दोन सायटोकाइन टी पेशींना शांत करतात. बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये बदल असला, जो त्वचेच्या नेहमीच्या मेलानोमात साधारण निम्म्या पेशंटमध्ये असतो आणि एक्रलमध्ये त्यापेक्षा बराच कमी, तर त्या बदलामुळेच पेशी आयएल-६, आयएल-१० आणि व्हीईजीएफ जास्त सोडू शकतात असं लॅबमध्ये दिसलंय.

आता इंटरफेरॉन-गॅमा. टी पेशीने मेलानोमाची पेशी ओळखली की ती हा सोडते, त्याने मेलानोमाची पेशी टी पेशींना जास्त स्पष्ट दिसायला लागते, म्हणजे आपल्या फायद्याचं. पण त्याच सिग्नलमुळे मेलानोमाची पेशी स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन वाढवते, जे टी पेशीला "थांब" सांगतं. एकाच सायटोकाइनची ही दोन कामं आहेत आणि हल्लीच्या इम्युनोथेरपीचा (इम्यून सिस्टिमलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या ट्रीटमेंटचा) अर्धा पाया याच गोष्टीवर उभा आहे, पीडी-एल१ टी पेशीवरच्या ज्या पीडी-१ ला चिकटतं तो अडवणारं औषध तो थांब सांगणारा सिग्नल पोचू देत नाही. आणि काही पेशंटमध्ये औषध सुरुवातीला छान चालतं आणि नंतर चालेनासं होतं, त्यांच्यातल्या काहींच्या गाठीत जॅक-१ किंवा जॅक-२ हे जीन बिघडलेले सापडले, म्हणजे मेलानोमाच्या पेशींनी इंटरफेरॉनचा सिग्नल ऐकणंच बंद केलेलं.

मग रक्त तपासून मेलानोमा आहे की नाही ते कळेल का?

नाही.

लोकांना हे उत्तर आवडत नाही म्हणून कारण सांगते. वर जे सगळं लिहिलं ते गाठीच्या आत आणि आजूबाजूच्या मिलिमीटरभर जागेत चालतं. सायटोकाइन हे जवळच्या जवळ बोलण्यासाठीच असतात, रक्तात त्यातला थोडासाच भाग येतो आणि तिथे तो सबंध शरीरातून आलेल्या इतर सायटोकाइनमध्ये मिसळतो. विसर्जनाच्या दिवशी डेक्कनला उभं राहून लक्ष्मी रोडवर कुठलं पथक वाजतंय ते ओळखायला सांगण्यासारखं आहे ते, आवाज खूप आहे एवढं कळेल. सुरुवातीचा मेलानोमा, म्हणजे जो काढून टाकला की माणूस बरा होतो तो, जाडीला एखादा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्याने रक्तातला आकडा हलेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मेलानोमाचं निदान फक्त डाग काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर होतं. त्यातली जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, तिला ब्रेस्लो जाडी म्हणतात, १९७० मध्ये ॲलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने ती पद्धत मांडली आणि एवढ्या वर्षांनंतर, एवढ्या महागड्या टेस्ट आल्यानंतरही सुरुवातीच्या मेलानोमात पुढचा अंदाज बांधायला तिच्याइतकी भरवशाची गोष्ट फार थोडी आहे.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आयएल-६ केला, वाढलेला आलाय. कॅन्सर तर नसेल?

फक्त त्या आकड्यावरून कॅन्सरचा विचार मनात आणायचं कारण नाही. डेंग्यू, चिकनगुनिया, साधा व्हायरल ताप, हिरड्यांमधला पू, संधिवात, डायबेटिस, वाढलेलं वजन, सिगारेट, यातल्या कशानेही आयएल-६ वर जातो. चरबीच्या पेशी तो स्वतःच बनवतात. स्नायूसुद्धा बनवतात, रविवारी सकाळी सिंहगड चढून आलात आणि तसेच रक्त द्यायला गेलात तर त्या दिवशीचा आकडा जास्त येऊ शकतो आणि त्यात आजार काहीच नसतो. जुलै ते ऑक्टोबर पुण्यात निम्मं गाव तापाने फणफणलेलं असतं, त्या दिवसांतल्या रिपोर्टचं तर विचारूच नका.

धडधाकट माणसाच्या पॅकेजमध्ये आयएल-६ घालणं मला स्पष्टपणे चुकीचं वाटतं. लोक घाबरतात, रात्रभर फोनवर वाचत बसतात, मग पेट स्कॅनपर्यंत जातात. ताप, वजन कमी होणं, गाठ असं काही असेल तर फॅमिली डॉक्टरांना दाखवा, नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

आयएल-६ दोन लॅबमध्ये दोन दिवसांच्या अंतराने केला, एकीकडे ८ आणि दुसरीकडे २१. कुणाचं खरं?

दोन्ही खरे असू शकतात. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे म्हणून जरा जास्त लिहिते.

सायटोकाइन मोजतात पिकोग्रॅममध्ये, एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या कमी प्रमाणातली गोष्ट मोजताना रक्त काढल्यापासून मशिनमध्ये जाईपर्यंत जे काही घडतं ते सगळं आकड्यात उतरतं. रक्त ट्यूबमध्ये आलं तरी त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंतच असतात, ट्यूब तशीच बाहेर पडून राहिली तर त्या आयएल-८ वगैरे बनवत राहतात, म्हणजे आपण पेशंटच्या शरीरातलं नाही तर ट्यूबमध्ये तयार झालेलं मोजतो. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू देतात आणि गोठताना प्लेटलेट फुटून त्यातला व्हीईजीएफ बाहेर येतो, त्यामुळे त्याच माणसाचा व्हीईजीएफ लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये जास्त आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये कमी दिसतो. रिसर्चच्या नमुन्यांना आम्ही घड्याळ लावून बसतो, लगेच सेंट्रिफ्यूज, लगेच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटणी आणि उणे ८० च्या फ्रीजरमध्ये, कारण एकदा वितळवून परत गोठवलं तरी काही सायटोकाइनचे आकडे बदलतात. एप्रिलच्या दुपारी हडपसरहून घेतलेलं रक्त चार घरं करत करत संध्याकाळी कोथरूडच्या लॅबला पोचलं तर त्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

त्यात किट वेगळं, त्यातली अँटिबॉडी वेगळी, आकडा जुळवायचं प्रमाण वेगळं. म्हणून ट्रीटमेंटच्या दरम्यान सायटोकाइन बघायचेच असतील तर एकच लॅब, शक्यतो एकच वेळ, एकाच प्रकारची ट्यूब. आणि लॅबला सांगा की टोसिलिझुमॅब दिलंय का, कारण ते दिल्यावर रिसेप्टर अडतात, आयएल-६ रक्तातून उचलला जात नाही आणि आकडा उलट वर जातो, पेशंट बरा होत असताना नातेवाईक घाबरतात.

सायटोकाइन वाढल्यामुळे मेलानोमा होतो, की मेलानोमा झाल्यामुळे सायटोकाइन वाढतात?

फार चांगला प्रश्न आहे, आणि संशोधकही सध्या याच्याच मागे आहेत.

पेशंटच्या रक्तात अमुक सायटोकाइन जास्त सापडलं एवढ्यावरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते सांगता येत नाही. म्हणून मेंडेलियन रँडमायझेशन नावाची पद्धत वापरतात, त्या वाटाण्यावाल्या मेंडेलच्या नावावरून. आपल्याला आई-वडिलांकडून कुठले जीन मिळतात ते नशिबाने ठरतं आणि जन्माआधीच ठरतं, त्यातल्या काही जीनच्या फरकामुळे काही लोकांचं एखादं सायटोकाइन आयुष्यभर थोडं जास्त असतं आणि काहींचं थोडं कमी. आता या दोन गटांत मेलानोमाचं प्रमाण वेगळं आहे का ते बघायचं. वेगळं असेल तर ते सायटोकाइन कारण असण्याची शक्यता वाढते, कारण मेलानोमा नंतर होतो आणि तो मागे जाऊन जन्माचे जीन बदलू शकत नाही. यासाठी खूप वापरली गेलेली माहिती फिनलंडची आहे, २०१७ मध्ये छापली गेली, ८,२९३ लोकांच्या रक्तातले ४१ सायटोकाइन आणि वाढीचे फॅक्टर आणि त्यांचे जीन.

यातून सायटोकाइन आणि मेलानोमाचे दुवे सुचवणारे पेपर येत असतात आणि "हे सायटोकाइन मेलानोमापासून वाचवतं" अशी बातमी होते. ते वाचताना दोन गोष्टी बघा. हे परिणाम सहसा छोटे असतात, लाखो लोकांच्या आकडेवारीत दिसणारे, एका माणसाला त्यातून काही सांगता येत नाही. आणि ही माहिती जवळजवळ सगळी युरोपियन वंशाच्या लोकांची आहे, त्यातला मेलानोमा मुख्यतः उन्हाशी संबंधित. मुळशीतल्या शेतकऱ्याच्या टाचेवरच्या मेलानोमाला ते जसंच्या तसं लावणं मला पटत नाही. एका जीनचा परिणाम एकाच सायटोकाइनवर होतो असंही नसतं, तो दुसऱ्या वाटेनेही मेलानोमावर परिणाम करू शकतो, आणि तसं असेल तर सगळा हिशोब चुकतो.

इम्युनोथेरपी चालू आहे, डॉक्टरांनी आयएल-६ आणि सीआरपी करायला सांगितलंय. का?

इथे मात्र टेस्टला अर्थ आहे. पीडी-१ अडवणारी औषधं चालू असताना इम्यून सिस्टिम कधी कधी स्वतःच्याच अवयवांवर घसरते, आतड्याला सूज येऊन जुलाब, लिव्हरचे एन्झाइम वाढणं, फुप्फुसाला सूज, थायरॉइड बिघडणं वगैरे. त्या वेळी सूज किती आहे, इन्फेक्शन आहे की औषधाचा परिणाम, याचा अंदाज बांधायला डॉक्टर बाकीच्या तपासण्यांबरोबर हेही बघतात. पहिला उपाय सहसा स्टेरॉइड, त्याला दाद मिळाली नाही तर काही पेशंटमध्ये आयएल-६ किंवा टीएनएफ अडवणारं औषध.

दुसरा भाग म्हणजे औषध चालेल का याचा अंदाज. २०२० मध्ये मोठ्या ट्रायलमधल्या पेशंटच्या रक्तावरून निघालेली माहिती छापली गेली, त्यात ट्रीटमेंटच्या आधीच ज्यांचा आयएल-८ जास्त होता त्यांना चेकपॉइंट औषधांचा (पीडी-१ अडवणारी वगैरे) फायदा एकूण कमी झाला, मेलानोमातही आणि इतर काही कॅन्सरमध्येही. आयएल-६ आणि सीआरपीबद्दलही तसंच दिसलंय. पण हे "एकूण" गटाबद्दल आहे. आयएल-८ जास्त असूनही औषध उत्तम लागू पडलेले पेशंट त्याच गटात आहेत, त्यामुळे त्या आकड्यावरून कुणाची ट्रीटमेंट नाकारत नाहीत आणि नाकारूही नये. कुणी रिपोर्ट दाखवून "तुमचा आयएल-८ जास्त आहे, आता उपयोग नाही" म्हणालं तर दुसरं मत घ्या.

सायटोकाइन औषध म्हणून देत नाहीत का?

द्यायचे, बरीच वर्षं. इंटरफेरॉनचा शोध १९५७ चा, आयझॅक्स आणि लिंडनमन यांचा, व्हायरसवर काम करताना लागलेला. मेलानोमाचं ऑपरेशन झाल्यावर तो परत येऊ नये म्हणून जास्त डोसमधलं इंटरफेरॉन-अल्फा अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, आणि पसरलेल्या मेलानोमासाठी इंटरल्युकिन-२ हे १९९८ मध्ये. इंटरफेरॉनने महिनोन्‌महिने ताप, थकवा, नैराश्य, आणि इंटरल्युकिन-२ ने रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपून बीपी एवढं खाली जायचं की आयसीयूसारखी सोय लागायची.

पण त्यातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. २७० पेशंटच्या एकत्र आकडेवारीत इंटरल्युकिन-२ ने गाठी लक्षणीय कमी झालेले फक्त १६ टक्के होते, मात्र ज्यांच्या गाठी पूर्ण गेल्या, साधारण ६ टक्के, त्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं बरे राहिले. तेही पसरलेल्या मेलानोमात, ज्याच्यात तोवर हाती काही लागत नव्हतं. आपली इम्यून सिस्टिम हा कॅन्सर संपवू शकते हे तिथे माणसांमध्ये दिसलं. त्यानंतर इम्युनोथेरपीची औषधं आली, इपिलिमुमॅब २०११ मध्ये, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये, आणि ज्या शोधांवर ते उभे आहेत त्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आता इंटरफेरॉन मेलानोमासाठी जवळपास मागे पडलंय. इंटरल्युकिन-२ मात्र पेशंटच्या गाठीतल्याच टी पेशी बाहेर वाढवून परत देतात त्या ट्रीटमेंटमध्ये अजून लागतं.

इम्युनोथेरपी सुरू झाल्यावर वडिलांच्या हातावर पांढरे डाग आलेत. कोड आहे का? थांबवायची का ट्रीटमेंट?

स्वतःहून अजिबात थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. मेलानोमाच्या पेशी आणि त्वचेला रंग देणाऱ्या चांगल्या पेशी एकाच घराण्यातल्या, त्यामुळे टी पेशी एकीला ओळखून मारायला लागल्या की कधी कधी दुसरीलाही मारतात आणि तिथला रंग जातो. इंटरफेरॉन-गॅमा आणि त्याने वाढणारे सीएक्ससीएल-९, सीएक्ससीएल-१० हे केमोकाइन याच्यात असतात, नेहमीच्या कोडातही हेच असतात. आणि मेलानोमाच्या पेशंटमध्ये असे डाग येणं आणि ट्रीटमेंटचा परिणाम चांगला असणं हे बऱ्याच अभ्यासांत एकत्र आढळलंय.

आपल्याकडे कोड म्हटलं की घरात सन्नाटा पसरतो, लग्नाच्या मुलीचा विषय निघतो, पेशंट फुल बाह्यांचे शर्ट घालायला लागतो, हे मी बघितलंय आणि वाईट वाटतं. हे डाग संसर्गजन्य नाहीत, औषधामुळे आलेले आहेत आणि मुलांना वारशाने जाणार नाहीत. त्या जागी ऊन लागतं लवकर, तेवढं झाकून ठेवा.

एलडीएच म्हणजे पण सायटोकाइनच का? प्रत्येक वेळी करायला लावतात.

नाही, तो पेशींमधला एन्झाइम आहे, पेशी मोडल्या की रक्तात येतो. पण पसरलेल्या मेलानोमाच्या स्टेजिंगमध्ये (आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवताना) तो अधिकृतपणे धरला जातो, वाढलेला असेल तर वेगळं लिहितात. स्वस्त आहे, कुठेही होतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी वाढतो, त्यामुळे अचानक वाढला तर एकदा परत करून बघतात.

गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, इम्युनिटी बूस्टर घेऊन सायटोकाइन आटोक्यात येतात ना?

जेवणातल्या हळदीबद्दल काहीच म्हणणं नाही. कॅप्सूल आणि काढे ही वेगळी गोष्ट. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्या होत्या. इम्युनोथेरपीनेही लिव्हरला सूज येऊ शकते, मग एन्झाइम वाढले की डॉक्टरांना कळत नाही हे औषधामुळे की काढ्यामुळे, आणि या गोंधळात चांगली चालू असलेली ट्रीटमेंट थांबते. आयुर्वेदाची औषधं घ्यायचीच असतील तर ऑन्कोलॉजिस्टना नावानिशी सांगा, लपवू नका, ते रागावले तरी सांगा. वैद्यांनाही इम्युनोथेरपीचं सांगा.

घरात एकाला मेलानोमा झालाय, बाकीच्यांनी सायटोकाइन टेस्ट करावी का?

सायटोकाइन टेस्ट नको. त्वचा तपासून घ्या. एकाच घरात दोन-तीन जणांना मेलानोमा किंवा मेलानोमाबरोबर स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा.

मग घरी बघायचं काय?

तळपाय. महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, भरपूर उजेडात, टाच घासून स्वच्छ झाल्यावर. वय झालेल्यांना वाकता येत नाही, त्यांच्या टाचा नातवंडांनी बघाव्यात. बोटांच्या बेचक्या, टाचेची कड, तळहात, सगळी नखं. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कड वेडीवाकडी, एकापेक्षा जास्त रंग, पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा, आणि काही महिन्यांत बदललेला, यातलं काही असेल तर दाखवा. लक्षात ठेवा की काही मेलानोमा काळे नसतातच, गुलाबी किंवा लालसर असतात आणि न भरणाऱ्या जखमेसारखे दिसतात.

नखात उभी काळी रेघ सावळ्या लोकांत बऱ्याचदा असते, बहुतेक वेळा काही नसतं. पण एकाच नखात असेल, रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या बाहेर कातडीवर आला असेल तर लगेच. ठेच लागून साकळलेलं रक्त नख वाढतं तसं पुढे सरकतं, मेलानोमा सरकत नाही, म्हणून नखाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.

त्वचेचे डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने बघतात. तळपायाला बोटांच्या ठशासारख्या रेषा असतात, रंग त्या रेषांच्या खोबणीत असेल तर साधा तीळ असण्याची शक्यता जास्त, आणि उंचवट्यांवर असेल तर संशय घेऊन बायोप्सी करतात. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि भोवरी, कुरूप, चामखीळ म्हणून काळा डाग कुणाकडूनही कापून, जाळून, ॲसिड लावून घेऊ नका. काढायचाच असेल तर डॉक्टर काढतील आणि काढलेला तुकडा तपासायला जाईल, तो जातोय ना ते विचारा.

पुण्यात कुठे दाखवायचं? खर्चाचं काय?

सुरुवात कुठल्याही एमडी त्वचारोगतज्ज्ञांकडे, ससूनची त्वचारोगाची ओपीडी आहेच. बायोप्सीत मेलानोमा आला तर कॅन्सर सर्जन, आणि दुसऱ्या मतासाठी लोक मुंबईला टाटाला जातात ते योग्यच आहे कारण हा दुर्मिळ आजार आहे, ज्यांनी जास्त केसेस बघितल्यात त्यांच्याकडे जावं. कॅन्सरच्या बऱ्याच ट्रीटमेंट महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून तुमची नेमकी ट्रीटमेंट बसते का ते आधीच विचारून घ्या.

जाताना बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नको, मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही आधीच्या लॅबमधून मागून घ्या, तो पेशंटचा हक्क आहे. बीआरएएफ आणि केआयटी या जीनची टेस्ट त्याच ब्लॉकवर होते, ब्लॉक नसला तर परत तुकडा काढावा लागू शकतो.

हॉस्पिटलमध्ये रिसर्चसाठी जास्तीचं रक्त मागितलं. द्यावं का?

मला विचाराल तर द्या. सायटोकाइन आणि मेलानोमाचं जे काही माहीत आहे ते बहुतेक परदेशातल्या पेशंटच्या रक्तातून आलंय, टाचेवरच्या मेलानोमाच्या भारतीय पेशंटचे नमुने फार कमी आहेत. सहसा ट्रीटमेंटच्या रक्ताबरोबरच एक-दोन ट्यूब जास्त घेतात, वेगळं टोचत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, नमुना किती वर्षं ठेवणार, नाव लपवणार का, नंतर नको वाटलं तर काढून घेता येईल का, हे सगळं सही करण्याआधी विचारा. नाही म्हणालात तरी तुमच्या ट्रीटमेंटमध्ये काहीही फरक पडता कामा नये, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं, ती ओळ वाचून घ्या.